थोरल्यांच्या कपाटाची पाखरं

धाकटीच्या धंद्याला घरात कुणी धंदा म्हणत नसे. सासूबाई त्याला नुसतं 'ते' म्हणायच्या. "तिचं ते चाललंय," असं दारात आलेल्या माणसाला सांगताना त्या मागच्या खोलीकडे मानेने अशी खूण करत, की आत कुणीतरी बरेच दिवस अंथरुणाला खिळलंय असं वाटावं. नवरा चारचौघांत त्याला 'आमचा स्टार्टअप' म्हणे आणि घरात 'तुझा छंद'. थोरली जाऊ दुसऱ्या गावात राहूनही या घरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. ती दर आठवड्याला फोनवर मायेने विचारी, "काय गं, अजून चालू आहे का तुझं खेळणं?"

खेळणं म्हणजे लेझर कटिंगचं मशीन. आडव्या पाडलेल्या फ्रिजएवढं, वर काचेचं झाकण, आत इकडून तिकडे धावणारं एक डोकं. त्या डोक्यातून खाली किरण पडे. किरण डोळ्यांना दिसत नसे, दिसायचा तो लाकडाला लागलेला बारीकसा झगझगीत ठिपका. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र दिलं की मशीन ते पातळ प्लायमधून जसंच्या तसं कापून देई. धूर ओढायला मागे जाड पाइप, तो खिडकीबाहेर सोडलेला. म्हणजे खिडकी हवी. वीज वेगळी हवी. आणि जमीन सपाट हवी, नाहीतर काम वाकडं येतं. एवढे नखरे पुरवणारी जागा घरात एकच होती, ती मागची खोली. बाहेर गाळा घ्यायचा तर धाकटीला आधी मशीन विकावं लागलं असतं आणि मग गाळ्यात काय करायचं हा प्रश्न उरला असता.

गिऱ्हाइकांबद्दल धाकटीचं मत फार चांगलं होतं, गिऱ्हाईक समोर असेपर्यंत. त्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला, "हे हाताने केलंय ना?" त्यावर ती हसून म्हणे, "हो, बटण हातानेच दाबलंय." दुसरा प्रश्न तेच गिऱ्हाईक लगेच विचारी, "मशीनच करतं ना सगळं? मग इतके दिवस कशाला लागतात?" म्हणजे वस्तू बघताना ती हाताने केलेली हवी आणि भाव करताना मशीनने. धाकटी दोन्हीला मान डोलवी. दारावरच्या पाट्या, वाढदिवसाचे आकडे, केकवर खोचायची नावं, यावर तिचं वर्ष निघे. खरा हंगाम सणाचा. सण जवळ आला की गावाला अचानक आठवण होई की आपल्या घराला दारं आणि खिडक्या आहेत आणि त्यावर काहीतरी लटकवायला पाहिजे.

या धंद्यात एक काम असं होतं, की ते मशीन करत नाही आणि चित्रात दिसत नाही. कागद सोलणं. कापताना धुराचे डाग पडू नयेत म्हणून प्लायला दोन्ही बाजूंनी चिकटकागद लावावा लागतो. मग कापून झाल्यावर प्रत्येक चांदणीवरून, प्रत्येक पानावरून, प्रत्येक टिकलीएवढ्या तुकड्यावरून तो सोलून काढायचा. ऐकायला हे काम तुरुंगातलं वाटतं. पण त्याची गंमत अशी, की एकदा कोपरा उचलला आणि कागद सर्रकन निघून खालचं स्वच्छ लाकूड दिसलं, की दुसरा तुकडा उचलल्याशिवाय माणसाला राहवत नाही. वीज मीटर बघायला आलेला माणूस एकदा 'जरा बसतो' म्हणून बसला आणि तुकड्यांचं अर्धं ताट सोलून गेला. मीटर बघायचं मात्र विसरला.

सासूबाईही अशाच 'जरा' बसल्या होत्या. त्याला आता दोन वर्षं झाली. रोज दुपारी चहा झाला की त्या चष्मा पुसत मागच्या खोलीत येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, मांडीवर ताट घेत आणि म्हणत, "मी काही तुझ्या त्यात पडत नाही हं." आणि हात पुढे करत. त्या नखाने सोलत नसत. अंगठ्याच्या पेराने कोपरा किंचित घासायचा, तो आपोआप वर येतो, मग ओढायचा. सोललेल्या कागदांचा गोळा करून तो त्या जाताना टोपलीत टाकत आणि दारातून वळून म्हणत, "संपव हे एकदाचं. घरभर जळका वास."

तर अशा सुखात सगळं चाललं असताना थोरल्याची या गावात बदली झाली.

फोन स्पीकरवर ठेवून घरातल्या सगळ्यांची सभा भरली. थोरला म्हणाला, आम्ही आता आईजवळ राहू, आईला आधार होईल. आईला गेली कित्येक वर्षं आधाराची गरज पडली नव्हती. थोरली म्हणाली, आम्हाला काही नको, एक मागची खोली मिळाली तरी पुष्कळ झालं. "मधली आहे की," धाकटी म्हणाली. मधल्या खोलीत थोरलीला कोंडल्यासारखं होतं असं समजलं. थोरली मधल्या खोलीत आजवर एकदाच झोपली होती आणि तेव्हा सकाळी तिला हाका मारून उठवावं लागलं होतं.

नवऱ्याने अशा प्रसंगी जे करायचं ते केलं. फोनचा चार्जर शोधायला तो आत गेला.

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. बाजारपेठेच्या दुकानदारांनी या सणाची सजावट धाकटीला सांगितली होती, एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. "ते काम वेळेवर दे. पेठेतून एक तक्रार आली नाही तर तुझं ते राहील तिथेच आणि हे मधल्या खोलीत राहतील," सासूबाई म्हणाल्या. "तक्रार आली, उशीर झाला, तर मशीन विकायचं. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." धाकटी हो म्हणाली. थोरली फोनवरून म्हणाली, "अगदी न्याय केलात, आई." तिच्या आवाजावरून न्याय कुणाच्या बाजूने झालाय ते कळत होतं.

थोरल्याला निकालाची एवढी खात्री होती, की पुढच्याच आठवड्यात कुठल्याशा ओळखीच्या टेम्पोतून त्याने कपाटाचं प्लाय पाठवून दिलं. कपाटाच्या पाठीला आणि खणांच्या तळाला लावायचं पातळ, गुळगुळीत, उंची प्लाय. ते मागच्या खोलीच्या दाराशी, बोळात भिंतीला टेकवून ठेवलं. धाकटी दिवसातून जितक्या वेळा आत-बाहेर करी तितक्या वेळा तिचं कोपर त्यावर आपटे. "लागलं का गं?" सासूबाई विचारत. "नाही, आई. कपाटाची सवय करून घेतेय," ती म्हणे.

पेठेतल्या दुकानदारांचा सेक्रेटरी छत्र्या विकत असे, म्हणून त्याला सगळे छत्रीवाले म्हणत. त्याची मागणी अगदी स्पष्ट होती. "काहीतरी एकदम वेगळं करा, मॅडम. कुणी बघितलं नसेल असं. फक्त गेल्या वर्षीसारखं पाहिजे." गेल्या वर्षी पेठेत प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या होत्या, त्यांचा रंग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर उतरला होता. धाकटीने समंजसपणे दोन्ही अटी वहीत लिहिल्यासारखं केलं आणि आपल्याला हवं तेच केलं. तिने पाखरं काढली. पंख पसरलेली, पंखांत बारीक जाळी, आणि डोक्यात एक गोल आरपार डोळा. रस्त्याच्या या बाजूच्या गॅलरीपासून त्या बाजूच्या गॅलरीपर्यंत दोरे बांधायचे आणि त्यावर थवेच्या थवे टांगायचे. ऊन वरून आलं की पंखांच्या जाळीची सावली खाली रस्त्यावर पडेल, आणि वारा आला की ती सावली उडेल. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर छत्रीवाल्यांनी सावलीत दुकानांची नावं मागितली असती.

कागद चिकटवा, कापा, सोला, ओवा. पंधरवडा असा गेला. सासूबाई ताटामागून ताट सोलत होत्या, त्यात न पडता. पहिल्या थव्यातलं एक पाखरू दोऱ्यावर फिरताना त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "बरं दिसतंय." मग लगेच सावरून घेत, "म्हणजे, वास सोडला तर."

सणाला चार-पाच दिवस उरले असताना नवऱ्याने रजा काढली. तो एका मोठ्या कंपनीच्या गोदामात मॅनेजर होता, आणि माल कमीत कमी हेलपाट्यांत कसा हलवावा यावर त्याने दोन कोर्स केले होते. धाकटी मनातल्या मनात त्याला साहेब म्हणे. साहेब घरात असले की पाण्याची बाटली फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात असावी याची कारणं ऐकावी लागत. पण त्या दिवशी ते स्टूल ओढून मशीनपाशी बसले आणि म्हणाले, "दाखव मला. मदत करतो." लग्नानंतर इतक्या वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदाच बसले होते. धाकटीला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, आणि तिथेच ती चुकली.

साहेबांनी झाकणातून आत बघितलं. मशीनचं डोकं आधी एका पाखराचा डोळा कापे, मग पंखांची जाळी, मग दुसऱ्या पाखराकडे जाई, त्याचा डोळा, त्याची जाळी. असा प्लायचा अख्खा पत्रा, म्हणजे शीट, पार करून ते पुन्हा पहिल्या पाखराकडे परत येई आणि मग बाहेरची कड कापी.

"हा एवढा रिकामा का फिरतोय?" साहेब म्हणाले.

"तसंच करायचं असतं. आधी आतलं, मग बाहेरचं," धाकटी म्हणाली. त्याचं कारण ती सांगणार होती, पण तेवढ्यात छत्रीवाल्यांचा फोन आला. गॅलऱ्यांना दोरे बांधायला माणसं आली होती आणि ती दोरे कुठे बांधायचे यावरून आपापसांत भांडत होती. धाकटीने चपला घातल्या. "एवढे चार पत्रे उरलेत," ती म्हणाली. "संपला की दुसरा ठेवायचा आणि हिरवं बटण दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही." साहेबांनी मान डोलावली. कोर्स केलेला माणूस नुसतं हिरवं बटण दाबून समाधानी राहील असं तिला वाटलं, यात दोष कुणाचा ते ज्याने त्याने ठरवावं.

ती परतली तेव्हा साहेब हात पुसत उभे होते, चेहऱ्यावर तेज. "झालं सगळं. तुझ्या अर्ध्या वेळात. मी क्रम बदलला. आधी बाहेरची कड एका दमात कापून घेतली आणि मग येताना आतलं. फुकटचा एक हेलपाटा वाचला."

धाकटी काही बोलायच्या आत खिडकीजवळून सासूबाईंचा आवाज आला. "हे पाखरू तिरळं आहे."

त्यांनी ते उजेडात धरलं. डोळा डोक्यातून घसरून मानेवर आला होता. त्यांनी ताटातलं दुसरं सोललं. याचा डोळा चोचीला खेटून अर्धा बाहेर पडलेला. तिसऱ्याच्या पंखाची जाळी कडेच्या पार गेली होती आणि पंख उंदराने खाल्ल्यासारखा दिसत होता. सासूबाई सोलत गेल्या आणि तिरळी, काणी, लुळी पाखरं मांडीवर जमत गेली.

"थोडं इकडेतिकडे चालतं गं आई," साहेब म्हणाले. "एवढ्या उंचावर खालून कोण बघणार?"

"मी बघणार," सासूबाई म्हणाल्या.

"मग मशीनमध्येच काहीतरी बिघाड असेल."

धाकटी स्टुलावर बसली. तिने शांतपणे सांगितलं. बाहेरची कड आधी कापली की तुकडा पत्र्यापासून सुटतो. सुटला की मशीनच्या तळाच्या जाळीवर पडतो, कलतो, धूर उडवणाऱ्या हवेच्या झोताने सरकतो. मशीनला ते कळत नाही. पाखरू आधी जिथे होतं तिथेच ते डोळा कापतं. म्हणून तुकडा घट्ट धरलेला असताना आतलं उरकायचं आणि सगळं झाल्यावरच त्याला सोडायचं.

"हे तू आधी सांगायला हवं होतंस," साहेब म्हणाले.

 धाकटीच्या ओठांवर जे आलं होतं ते सासूबाईंसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तिने फोन उचलला आणि नेहमीच्या प्लायवाल्याला लावला. तो सणासाठी दुकान बंद करून सासुरवाडीला पोचला होता आणि मागे लहान मुलांचा दंगा चालला होता. "सणानंतर या ना," तो प्रेमाने म्हणाला. दुसऱ्याकडे होतं ते दाराला लावायचं जाड प्लाय. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. पेठेची पुढची अर्धी बाजू, चौकापासून थेट कमानीपर्यंत, या चार पत्र्यांवर अवलंबून होती. दोरे बांधून झाले होते. त्यावर टांगायला आता एक मोठा, तिरळा थवा होता.

ती त्या खोलीत बसून खोलीकडे बघत राहिली. पाइपच्या जागी पडदा दिसला. मशीनच्या जागी कपाट. तिच्या टेबलाच्या जागी थोरलीची आरशाची मेज आणि त्यावर क्रीमच्या बाटल्या. तिला रडू आलं. नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला, की तो शेजारी येऊन बसला म्हणून आपण सकाळी एवढ्या खूश झालो होतो. साहेब दारात उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होते.

सासूबाईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. "खालच्या बाकावर मी सांगून बसलेय," त्या म्हणाल्या.

खालचा बाक म्हणजे इमारतीच्या दाराशी असलेला सिमेंटचा बाक. संध्याकाळी त्यावर आसपासच्या म्हाताऱ्या बसत आणि गावातल्या कुठल्याही माणसाचं तिथे दहा मिनिटांत काय ते होऊन जाई.

"काय सांगितलंत, आई?"

"हेच की यंदा पेठेत आमची पाखरं लागणारेत म्हणून. डॉक्टरीणबाई पण होत्या. त्यांची सून कापडाची फुलं करते, त्याचं कौतुक रोज ऐकवतात." सासूबाईंनी एक तिरळं पाखरू दोन बोटांत धरून पुन्हा बघितलं. "हे टांगलं तर त्या मला सोडतील का? उद्यापासून मी कुठे बसू?"

मग त्या उठल्या. बोळात गेल्या. थोरल्याच्या प्लायवर त्यांनी दार वाजवावं तसं दोनदा वाजवलं.

"हे कापलं जाईल का?"

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ते दादांच्या कपाटाचं आहे, आई."

"ते मला ठाऊक आहे. मी कापलं जाईल का ते विचारतेय."

"जाईल," धाकटी म्हणाली. "थोडं जाड आहे. वेग कमी करावा लागेल."

"आई, दादाला एक फोन तरी करूया," साहेब कॅलेंडर सोडून म्हणाले.

"करू नकोस. विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि मग त्याचं ऐकावं लागेल." सासूबाईंनी बाह्या वर केल्या. "तू धर त्या टोकाला."

धाकटीने आधी एका कोपऱ्यावर नुसता डोळा कापून बघितला. पहिल्यांदा आरपार गेला नाही. दुसऱ्यांदा कडा काळ्या पडल्या. वेग, ताकद, हवेचा झोत, एकेक करून जुळवत तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि लाकडाची गोल टिकली जाळीतून खाली पडली, कड बिस्किटासारखी तांबूस. एवढं चांगलं प्लाय तिने आजवर कधी वापरलं नव्हतं. थोरल्याची निवड उत्तम होती, हे मान्य करावंच लागलं.

पुढचे दोन दिवस मागच्या खोलीत घर एकत्र नांदलं. साहेबांना चिकटकागद लावायचं काम मिळालं. कागदाखाली फुगे आले की सासूबाई ते काढून पुन्हा लावायला सांगत. फुगे टाळायचा साहेबांकडे एक सुधारित मार्ग होता, तो त्यांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आईने चष्म्यावरून बघितल्यावर तो मार्ग त्यांनी स्वतःपाशीच ठेवला. प्रत्येक पत्रा मशीनमध्ये गेला की सासूबाई खुर्चीतून विचारत, "आधी आतलं ना?" धाकटी म्हणे, "आधी आतलं." मगच बटण दाबलं जाई. थवे तयार झाले तसे साहेबांनी ते पेठेत नेऊन पोचवले. त्यांना हेलपाटे बरेच पडले. त्यांनी ते मोजले नाहीत.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी थोरला आणि थोरली आले. न कळवता आले, कारण घर आपलंच आहे. थोरलीच्या हातात मोजपट्टी होती. शेवटचा पत्रा मशीनमध्ये कापला जात होता आणि कमानीवर लावायच्या शेवटच्या थव्याची ताटं जमिनीवर मांडली होती.

"तुमच्या पेठेत यंदा काय सुरेख पाखरं लावलीत गं," थोरला खोलीत शिरता शिरता म्हणाला. मशीनच्या आवाजामुळे तो जरा मोठ्यानेच बोलत होता. "खाली रस्त्यावर अशी सावली पडते ना, आम्ही दोघं गाडी थांबवून बघत बसलो. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं काम असणार. असं काहीतरी करावं माणसाने. हे नावाच्या पाट्या वगैरे ठीक आहे."

धाकटीने मशीनच्या झाकणावरून बोट फिरवून आत दाखवलं. थोरला वाकला. आत एका पाखराचा डोळा कापला जात होता.

तो बराच वेळ वाकलेला राहिला. सरळ झाल्यावर त्याने बोळात बघितलं. भिंत मोकळी होती. तिथे प्लायचा एक उभा, हातभर रुंदीचा तुकडा फक्त उरला होता.

"आई, आमच्या कपाटाचं प्लाय कुठे गेलं?"

"तू आत्ता गाडी थांबवून बघितलंस की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, त्यांचा अंगठा एका पंखाच्या जाळीवर चालला होता.

 साहेब हळूच बोळात सरकले. थोरलीच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने स्वतःला आवरलं आणि जे करायला आली होती ते करायला घेतलं. तिने मोजपट्टी ओढली आणि तिचं टोक खिडकीखाली भिंतीला लावलं. "प्लाय काय, दुसरं येईल," ती गोड आवाजात म्हणाली. "खोली तर मोजून घेते."

"मोजू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मधली मोज. इथे आम्ही काम करतो."

धाकटीने मशीनकडे तोंड फिरवलं. 'तिचं ते' पासून 'आम्ही काम करतो' पर्यंत यायला त्या घराला दोन वर्षं आणि एक कपाट लागलं होतं. डोळे भरून आले, तेव्हा ती धुराचं निमित्त करून खिडकीशी गेली. धूर सगळा पाइपातून बाहेर जात होता, हे खोलीत सगळ्यांना दिसत होतं. त्याच वेळी तिला हेही कळलं, की ज्या अर्थी 'आम्ही', त्या अर्थी ही खुर्ची आता इथून कधीच हलणार नाही, आणि जन्मभर प्रत्येक पत्र्याला 'आधी आतलं ना?' ऐकावं लागणार. तिला त्याचं काही वाटलं नाही.

थोरली मोजपट्टी हातात धरून उभी राहिली. तिला पुष्कळ बोलायचं होतं आणि ते उभ्याने बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ती स्टुलावर बसली. "मला एवढंच म्हणायचंय, आई," तिने सुरुवात केली, "की आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही काय नाही म्हणालो असतो का? प्रश्न प्लायचा नाही. प्रश्न पद्धतीचा आहे." पुरावा म्हणून तिने ताटातलं एक पाखरू उचललं. "एवढं महागाचं लाकूड, आणि त्याचं हे." ती बोलत राहिली. घरात मोठ्यांना मान राहिला नाही हे सांगताना तिचा अंगठा कोपऱ्यावर गेला. मधल्या खोलीला उजेड कसा नाही हे सांगताना कोपरा वर आला. मग सर्रकन कागद निघाला आणि खालून कपाटाचं तांबूस, स्वच्छ लाकूड दिसलं, तशी ती वाक्याच्या मध्येच थांबली.

तिने ते पाखरू ताटाच्या कडेला ठेवलं आणि दुसरं उचललं.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नखाने नको," त्या म्हणाल्या. "ओरखडा पडतो. अंगठ्याने घास."